सिम्प्युटर : वाटून वापरायचा संगणक

नव्या यंत्राबद्दल आपण सहसा दोनच प्रश्न विचारतो : ते काय करते आणि केवढ्याला मिळते? ते कोणाला वापरता येणार नाही, हा तिसरा प्रश्न मागेच राहतो. आपल्या देशातील काही शास्त्रज्ञांनी आणि एका छोट्या कंपनीने मात्र या तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात केली होती.

१९९८ साली बंगळूर येथे विकसनशील देशांसाठी माहिती तंत्रज्ञान या विषयावर परिसंवाद झाला. त्यातील चर्चेतून १९९९ मध्ये सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन झाला. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोअर ही तिथलीच सॉफ्टवेअर कंपनी त्यात एकत्र आली. २००१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी तळहातावर मावणारा संगणक लोकांपुढे ठेवला. साधा, स्वस्त, बहुभाषी अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून त्याचे नाव पडले सिम्प्युटर.

त्याची रचना पाहण्यासारखी होती. ज्याला वाचता येत नाही त्याचे काय? म्हणून पडद्यावरच्या चित्रांना स्पर्श करून तो चालवता येई आणि भारतीय भाषांतील मजकूर तो बोलून दाखवी. वीज नसेल तर? तो तीन छोट्या सेलवर चाले. मोठ्या संख्येने बनवल्यास किंमत सुमारे ९००० रुपये पडेल असा अंदाज होता. पण तेवढेही पैसे नसतील तर? मग यंत्र गावाचे आणि स्मार्ट कार्ड ज्याचे त्याचे. आपले कार्ड सरकवले की आपली माहिती समोर. काढून घेतले की यंत्र दुसऱ्यासाठी मोकळे. शिवाय यंत्राचा आराखडाही खुला होता. ठरावीक शुल्क भरून कोणीही ते बनवावे, त्यात सुधारणा केल्यास काही काळाने ती सर्वांना कळवावी, असा परवाना ट्रस्टने तयार केला. विकसनशील देशांतील उत्पादकांसाठी शुल्क कमी होते.

पुढे काय झाले? प्राध्यापकांनीच काढलेल्या पिकोपेटा कंपनीने २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने ‘अमिडा’ सिम्प्युटर बाजारात आणला. त्याची किंमत दहा हजारांच्या आसपास सुरू होत होती. तो हातात तिरपा केला की ते ओळखणारा संवेदक त्यात होता. आयफोन आला तो २००७ मध्ये! तरीही विक्री काही हजारांच्या पलीकडे फारशी गेली नाही.

याची कारणे यंत्रापेक्षा अर्थव्यवहारात शोधावी लागतात. किंमत उतरायची तर लाखभर नग बनवायला हवेत. तेवढे बनवायचे तर आधी मागणी हवी आणि मागणी तर किंमत उतरण्याची वाट पाहत थांबलेली. मोठी कंपनी काही वर्षे तोटा सोसून हे चक्र तोडू शकते. छोट्या कंपनीपाशी तेवढे भांडवल नसते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. दहा जणांनी एक यंत्र वाटून घ्यावे हा समाजाचा फायदा. पण नगामागे पैसे मिळवणाऱ्या उत्पादकाची तेवढीच नऊ गिऱ्हाइके कमी होतात. अशा यंत्राचा खरा ग्राहक ग्रामपंचायत, शाळा किंवा शासन. त्यांची खरेदी पुरेशी झाली नाही. दरम्यान, २००४ मध्येच भारतात मोबाइलची संख्या तारेच्या दूरध्वनींपेक्षा वाढली आणि हातातल्या यंत्राची जागा मोबाइलने घेतली.

म्हणजे हे सारे फुकट गेले का? आम्हांला तसे वाटत नाही. जबाबदारी ही यंत्र तयार झाल्यावर वरून लावायची पट्टी नसून आराखड्यातच घालता येते, हे त्यांनी दाखवले. ती टिकवण्यासाठी खरेदी करणाऱ्यांनाही आपला वाटा उचलावा लागतो, हे त्यांच्या अपयशाने दाखवले.

वर्गात एक छोटा उपक्रम करून पाहावा. मोबाइलवरचे एखादे ॲप घ्या आणि मुलांना विचारा : निरक्षर आजीला हे वापरता येईल का? एक फोन चौघांत असेल तर प्रत्येकाची माहिती सुरक्षित राहील का? नसेल, तर आराखड्यात काय बदलावे लागेल?