जात्यावरचे एकटीचे गाणे

पहाटे घर निजलेले असताना भीमाकाठची बाई जात्याचा खुंटा धरी आणि ओवी सुरू होई. कवयित्री तीच, गायिका तीच, श्रोतीही तीच! माहेर, भाऊराया, पंढरीचा विठू, सासरचा सल, सारे तीत येई. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. करमाळ्याकडची कित्येक गावठाणे पाण्याखाली गेली. घरे नव्या गावठाणात उठली, दळण गिरणीवर गेले. बाईचे श्रम वाचले, हे बरेच झाले. पण श्रमांबरोबर गाणेही मुके झाले. सुदैवाने हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या टिपल्या, कित्येक ध्वनिमुद्रितही केल्या. वाचकहो, घरी आजी असेल, तर या दिवाळीत तिची ओवी लिहून घ्या.