मॅटलॅब शिकायचंय, पण लायसन्स नाही? सायलॅब आणि ऑक्टेव्हची माहिती

बेलपाडा (ता. पनवेल) : खारघर, नवीन पनवेलच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत आता आसपासच्या गावांतली बरीच मुलं शिकतात. बेलपाड्याला १७ नोव्हेंबर २०२३ पासून मेट्रोही थांबते, त्यामुळे जाणं-येणं सोपं झालं. अडचण येते ती घरी आल्यावर. लॅबमध्ये शिकवलेलं मॅटलॅब विकतचं असतं. मग कुणीतरी पेनड्राइव्हवर 'क्रॅक' कॉपी देतो आणि तिच्यासोबत व्हायरसही येतो. तसं करायची काही गरज नाही.

मॅटलॅब म्हणजे आकड्यांचे तक्ते एका झटक्यात हाताळणारं सॉफ्टवेअर. क्लीव्ह मोलर या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७० च्या दशकाअखेर ते विद्यार्थ्यांसाठी बनवलं. १९८४ मध्ये मॅथवर्क्स कंपनी निघाली. त्याच धर्तीची दोन सॉफ्टवेअर फुकट आणि कायदेशीर मिळतात: फ्रान्समध्ये तयार झालेलं सायलॅब आणि ग्नू ऑक्टेव्ह. ऑक्टेव्ह हे नाव संगीतातलं वाटतं, पण ते ऑक्टेव्ह लेव्हनस्पील या केमिकल इंजिनीअरिंगच्या प्राध्यापकांचं आहे.

कुठलं घ्यायचं? कॉलेजात मॅटलॅबच असेल तर ऑक्टेव्ह बरं, कारण मॅटलॅबच्या बहुतेक साध्या फाइली त्यात तशाच चालतात. सायलॅबची भाषा थोडी वेगळी आहे. टीप लिहायला तिथे % नाही, // लागतं. पण सिम्युलिंकसारखे ठोकळे जोडायचे असतील तर सायलॅबमधलं एक्सकॉस कामाला येतं. ऑक्टेव्हमध्ये ती सोय नाही.

नवख्याची गाडी अडते ती गुणाकारावर. समजा वांगी २० किलो, भेंडी ३५, काकडी १२; भाव ३०, ४० आणि २५ रुपये. (आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका.)

[२० ३५ १२] * [३० ४० २५]

असं लिहिलं की एरर येते. नुसती फुली मॅट्रिक्सचा गुणाकार करते आणि दोन आडव्या ओळींचा तसा गुणाकार होत नाही. फुलीआधी टिंब द्या:

[२० ३५ १२] .* [३० ४० २५]

उत्तर ६०० १४०० ३००, म्हणजे प्रत्येक भाजीचे पैसे. आता टिंब काढा आणि दुसऱ्या कंसानंतर ' हे चिन्ह द्या:

[२० ३५ १२] * [३० ४० २५]'

दुसरी ओळ उभी होते आणि थेट बेरीज येते, २३००. हा फरक एकदा हाताने करून पाहिला की पुढचे निम्मे घोळ टळतात. ओळीच्या शेवटी ; दिलं तर उत्तर स्क्रीनवर दिसत नाही, पण हिशेब झालेला असतो. तेव्हा 'काहीच झालं नाही' म्हणून घाबरू नका.

इंग्रजीची भीती असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर सायलॅबचे धडे मराठीतून आहेत. प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या या उपक्रमात एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा असतो. धडा मोबाइलवर लावा, थांबवत थांबवत कॉम्प्युटरवर तेच टाइप करा. नुसतं बघून हे येत नाही.

कॉम्प्युटर नसेल तर 'ऑक्टेव्ह ऑनलाइन' मोबाइलच्या ब्राउझरमध्येही उघडतं. कंस टाइप करताना बोटं वैतागतात, पण वरचं उदाहरण त्यावर आरामात होतं. कॉम्प्युटर असेल तर सॉफ्टवेअर एकदाच डाउनलोड करा. पुढे नेट नसलं तरी चालतं.