भेकाचे कागद, अळंबीची आठवण

गेल्या पावसाळ्यात आंबोलीच्या सड्यावर एका उथळ डबक्यापाशी बसलो होतो. जांभ्या दगडात साचलेल्या असल्याच पाण्यात आंबोलीचा भेक अंडी घालतो. जीव एवढासा, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे. शास्त्रीय नावातला 'टायग्रिना' त्यावरूनच आला. या भेकाची कागदपत्रे चोख आहेत. त्याच्या कोयनेच्या भाऊबंदाची नोंद १९६३ साली झाली, तिकडे धरण उभे राहत असताना. आंबोलीचा भेक २००९ साली एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी वेगळा ठरवला. पुढे जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' असा शेराही पडला. गावात विचारले तर उत्तर मिळाले, "बेडूकच तो!"

अळंबीचे नेमके उलटे. वारुळावर उगवणाऱ्या अळंबीला गोव्यात रोयण अळमी म्हणतात. रोयण म्हणजे वारूळ. माझी नानी तर "वारुळावरची आहे का?" हे विचारल्याशिवाय अळंबी घरात घेत नसे. तिला शाळा माहीत नव्हती, पण ही परीक्षा पक्की होती. रॉजे हाइम या फ्रेंच अभ्यासकाने या गटाला 'टर्मिटोमायसिस' हे नाव दिले १९४२ साली. वाळवी पालापाचोळा, लाकूड वारुळात नेते आणि त्यावर ही बुरशी पोसते, म्हणजे चक्क शेती करते. नवी वसाहत बसली की बहुतेक जातींत बीजाणू बाहेरून आणावे लागतात, आणि ते येतात उमललेल्या छत्र्यांमधून.

आता सरकारी दप्तर पाहा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. वनस्पतींची यादी त्यात १९९१ च्या दुरुस्तीने आली. बुरशी ना प्राणी, ना वनस्पती. व्हिटेकरने तिला स्वतंत्र सृष्टीचा मान १९६९ मध्येच दिला होता, पण कायद्याच्या यादीत तिला रकाना मिळाला नाही. मी इतिहासाचा माणूस, कागद नसेल तर पुरावा नाही असे मानत आलो. त्या हिशेबाने भेकाला इतिहास आहे आणि नानीच्या अळंबीला नाही. हे मला पटेना.

परतताना रस्त्याकडेला एक बाई पानात गुंडाळून अळंबी विकत होती. मिटलेल्या कळ्यांना भाव जास्त, उमललेल्या छत्र्या स्वस्त. बीजाणूंचे सगळे ठाऊक असूनही मी मिटलेल्याच घेतल्या.