साताऱ्याचे बोर्डिंग आणि लक्ष्मीबाईंची चूल

मंडळाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासाचे काहीतरी लिहा" असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिणे विद्वानांचे काम. पण गेल्या आषाढातली आपली सभा तुम्हां सर्वजणींच्या लक्षात असेल. दोन होतकरू मुलांची फी मंडळाच्या शिल्लकेतून भरावी की नाही, यावर दीड तास वाद झाला. एक पक्ष म्हणाला, द्यावी आणि मोकळे व्हावे, पुण्याचे काम आहे. दुसरा म्हणाला, फुकट दिले की त्याची किंमत राहत नाही. मी कोपऱ्यात बसून नुसती ऐकत होते. घरी येऊन मामंजींच्या कानावर घातले, तर ते हसले आणि म्हणाले, "हा वाद साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वीच मिटला आहे. तुम्ही बायका आता कुठे सुरू करताय!"

मामंजी साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कूलचे विद्यार्थी. त्यांनी सांगितले ते ऐकले, मग वाचनालयातून पुस्तके आणून दुपारच्या वेळी वाचली. त्यातून जे मनात राहिले ते येथे लिहीत आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूरकडच्या कुंभोज गावी, जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरात शिकायला असताना ते जैन बोर्डिंगात राहत. त्या काळी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने निरनिराळ्या जातींची निरनिराळी बोर्डिंगे निघाली होती. मराठ्यांचे वेगळे, जैनांचे वेगळे, लिंगायतांचे वेगळे. खेड्यातल्या पोराला शहरात कोणी खोली देईना, खाणावळ परवडेना. अशा वेळी जातीच्या बोर्डिंगाने त्याला आसरा दिला, हे लहान काम नव्हे. शाहू महाराजांचे ते उपकार विसरता येणार नाहीत. पण भाऊरावांच्या डोक्यात पुढचे चालले होते. सगळ्या जातींची मुले एकाच छपराखाली राहावीत, एकाच चुलीवरचे खावे. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यावरून त्यांचे जैन बोर्डिंगात बिनसले होते, असे त्यांच्या चरित्रात येते.

स्वतः भाऊराव इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाहीत. साताऱ्यात शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव जाऊन विकले, पुढे कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत होते. नांगर विकत हिंडताना त्यांनी खेडी पाहिली आणि त्या खेड्यांतली शाळेविना राहिलेली पोरे पाहिली. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली होती, तेथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. काले, नेर्ले अशा गावी लहान बोर्डिंगे निघाली. 1924 साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे बोर्डिंग सुरू झाले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नाव मिळाले.

येथवर कोणत्याही पुस्तकात सापडेल. माझे कुतूहल मात्र दुसरेच होते. या मुलांचा स्वयंपाक कोण करीत होते?

भगिनींनो, हिशेब तुम्हीच करून पाहा. तेरा-चौदा वर्षांचा खेड्यातला मुलगा एका जेवणाला तीन भाकऱ्या सहज खातो. वीस मुले धरली तर एका वेळेला साठ, दोन वेळांना एकशेवीस भाकऱ्या. तेवढे पीठ जात्यावर दळायचे, तेवढे पाणी भरायचे, तेवढे सरपण फुंकायचे. त्या दिवसांत ना गॅस, ना पिठाची पिशवी. आपल्या घरी पाच पाहुणे आले तरी आपण कपाळाला हात लावतो!

हे काम सुरुवातीला भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावर घेतले. त्या सधन पाटील घराण्यातल्या. अंगावर शंभर तोळ्यांच्या वर सोने घेऊन सासरी आल्या असे सांगतात. घर जैन, कर्मठ वळणाचे. सोवळेओवळे, शिवाशिव हे सारे लहानपणापासून अंगवळणी पडलेले. अशा बाईच्या घरात नवऱ्याने एक दिवस अस्पृश्य मानलेल्या जातीचा मुलगा आणून ठेवला आणि म्हणाले, हा आपल्याकडे राहून शिकणार. त्यांना ते लगेच रुचले नाही, मनाला फार जड गेले, असेच वाचायला मिळते. मला तर हे वाचून बरे वाटले. ती पहिल्या दिवसापासून देवी होती असे कोणी लिहिले असते तर मी पुस्तक मिटून ठेवले असते. आपल्यासारखीच बाई ती. लहानपणी शिकवलेले सोडणे किती कठीण असते हे आपल्याला माहीत आहे. माझ्या आजीने मरेपर्यंत पाण्याची कळशी वेगळी ठेवली होती.

पण लक्ष्मीबाईंनी ते सोडले. हळूहळू त्याच मुलांना जेवू घालू लागल्या, न्हाऊ घालू लागल्या, तापात उशाशी बसू लागल्या. स्वतःची मुले होतीच, त्यांच्याच पंक्तीला ही बसली. भाऊरावांनी भाषणांतून जातिभेद मोडला असे आपण म्हणतो, पण तो मोडण्याची खरी जागा चुलीपाशी होती आणि तेथे लक्ष्मीबाई बसल्या होत्या. त्यांनी ताट वेगळे ठेवले असते तर बोर्डिंगाच्या पाटीवर काहीही लिहून उपयोग नव्हता.

त्यांच्या मंगळसूत्राची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. भाऊराव देणग्यांसाठी बाहेरगावी गेलेले, कोठारात दाणा नाही, मुले उपाशी. तेव्हा बाकीचे दागिने आधीच गेले होते. राहिलेले मंगळसूत्र त्यांनी दिले आणि धान्य आणवले. कोणी विकले म्हणतात, कोणी गहाण ठेवले म्हणतात. जयंतीच्या प्रत्येक भाषणात ही गोष्ट येते आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात. ते योग्यच आहे. पण मला एक खटकते. मंगळसूत्र एकदा जाते. भाकऱ्या रोज थापाव्या लागतात. त्या भाकऱ्यांविषयी भाषणात अवाक्षर नसते. शिवाय एक एक दागिना जाताना घरात काय बोलणे झाले असेल, तिला विचारून नेला की आधी नेऊन मग सांगितले, हेही कोणी लिहिलेले मला दिसले नाही. भाऊराव थोर होते यात शंका नाही, पण थोर माणसाचा संसार करणे म्हणजे काय, हे त्या घरातल्या बाईलाच ठाऊक.

1930 साली लक्ष्मीबाई वारल्या. बोर्डिंगाचे मोठे झाड होण्याआधीच त्या गेल्या. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे, त्याच्या पारंब्या फुटलेल्या त्यांनी पाहिल्या नाहीत. पुणे कराराच्या स्मरणार्थ 1932 साली पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले, 1935 साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज, 1940 साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज, 1954 साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. आज संस्थेच्या सातशेच्या वर शाखा आहेत.

आता आपल्या सभेतल्या वादाकडे येते. पैसे द्यावे की न द्यावे?

भाऊरावांचे उत्तर दोन्हींपेक्षा वेगळे होते. गावाकडून त्यांनी भरपूर मागितले. मुष्टिफंडाची पद्धत होती. घरातल्या बाईने दळायला बसताना मूठभर धान्य बाजूच्या मडक्यात टाकायचे, ते गोळा होऊन बोर्डिंगाला जायचे. मूठभराने कोणाचे घर बुडत नाही, आणि ज्या घरात स्वतःचे मूल शाळेत जात नाही त्या घराचाही बोर्डिंगावर हक्क उत्पन्न होतो. पण मुलाला मात्र हे दान म्हणून मिळत नसे. त्याला काम असे. स्वयंपाक, पाणी, झाडलोट, धुणे ही कामे मुलेच पाळीपाळीने करीत. शेतात राबत, माळरान खणून जमीन लागवडीला आणीत. त्या कष्टातून त्यांच्या जेवणाचा आणि शिक्षणाचा खर्च भागे. 'कमवा आणि शिका' म्हणतात ते हेच. स्वावलंबी शिक्षण हेच संस्थेचे ब्रीद ठरले.

मामंजी 1956 च्या सुमारास या योजनेत होते. ते सांगतात, सकाळी शाळेच्या आधी शेतात काम, सुट्टीत दिवसभर काम. तळहाताला घट्टे पडत. पाटलाचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एकाच टोपलीला हात लावीत. चुकार मुलेही होती. पोट दुखते म्हणून पडून राहणारे होते. स्वतः मामंजींनीही तसे दोनदा केले, हे त्यांनी मला हसत हसत सांगितले. पण एक वाक्य मात्र ते गंभीरपणे बोलले. "आमच्या गावातल्या एकाने मला फी देऊ केली होती. ती घेतली असती तर जन्मभर त्याच्या ओट्याखाली उभा राहिलो असतो. मी बोर्डिंगात जेवलो, पण कोणाचे खाल्ले नाही."

त्या मुलांतून बॅरिस्टर पी. जी. पाटील यांच्यासारखे गृहस्थ निघाले, जे पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण मामंजींसारखे ग्रामसेवक, शिक्षक, कारकून झालेले हजारो, त्यांची नावे कोठे छापलेली नाहीत. भाऊरावांना 1959 साली पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी. लिट्. दिली, आणि त्याच वर्षी 9 मे रोजी ते गेले. पुणे विद्यापीठात आजही त्यांच्या नावाने कमवा व शिका योजना चालते. कॉलेजातली मुलेमुली ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात ठरावीक तास काम करून खर्च भागवतात.

हे सारे मी पुढच्या सभेत, भीतभीत का होईना, बोलले. त्यावर काय ठरले ते तुम्हांला माहीत आहेच, पण शेजारच्या वाचकांसाठी लिहिते. त्या दोघांना फी हातात न देता मंडळाच्या दिवाळी फराळाच्या कामात घेतले. मुलाने मागणीची वही ठेवली, सायकलवरून डबे पोचवले. मुलीने भाजणीचे वजन आणि पाकिटे सांभाळली. ठरलेली मजुरी रोख दिली, त्यातून त्यांनी आपापली फी भरली. चकल्यांची एक खेप मुलाने चुकीच्या गल्लीत नेली आणि तीन डबे परत आलेच नाहीत, तेही येथे नमूद करते. ते पैसे कापावेत की नाही यावर पुन्हा वाद झाला. कापले नाहीत.

आता मंडळाच्या दाराशी एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. सभेला येताना प्रत्येकीने मूठभर ज्वारी, गहू किंवा तांदूळ त्यात टाकावा असे ठरले आहे. श्रावणात तो दोनदा भरला, भाद्रपदात निम्माच राहिला. त्या डब्यावर कोणाचे नाव लिहावे असे चिटणीसबाईंनी विचारले, तेव्हा दोघी-तिघींनी कर्मवीरांचे सुचवले. मी लक्ष्मीबाईंचे सांगितले आहे. निर्णय येत्या सभेत व्हायचा आहे.