घरगुती जनित्र परवानगी (महाराष्ट्र)

घरगुती जनित्र म्हणजे वीजपुरवठा खंडित झाल्यावर घर, निवासी इमारत किंवा वसतिगृहाला तात्पुरती वीज देणारा, बहुधा डिझेलवर चालणारा संच. बोलीभाषेत त्याला ‘जनरेटर’ किंवा ‘डीजी सेट’ म्हणतात. महाराष्ट्रात असे जनित्र बसविण्यासाठी एकच असा परवाना अस्तित्वात नाही. विद्युत सुरक्षा, ध्वनी व धूर, इंधनसाठा आणि बांधकाम या चार बाबींचे नियम स्वतंत्र कायद्यांत असून, त्यांतील काही परवानगीचे, काही सूचनेचे, तर काही केवळ पालनाचे आहेत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या विभाजनातून ६ जून २००५ रोजी महावितरण कंपनी अस्तित्वात आली. त्या सुमारास राज्यात विजेची मोठी टंचाई होती. वितरण व वसुलीतील तूट ज्या वाहिन्यांवर अधिक, तेथे भारनियमनाचे तास अधिक, असे सूत्र लागू झाले. त्याची झळ मराठवाड्याला विशेष बसली. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावे लागले. मात्र राज्याचे पारेषण जाळे एकच असल्याने स्थानिक पुरवठा केवळ त्यावर अवलंबून नव्हता. लहान घरांनी बॅटरीवरील इन्व्हर्टर स्वीकारले. रुग्णालये, मंगल कार्यालये, उद्वाहन असलेल्या इमारती आणि ‘लातूर पॅटर्न’मुळे वाढलेली विद्यार्थी वसतिगृहे व अभ्यासिका यांना मात्र जनित्राचाच आधार राहिला.

विद्युत सुरक्षा

विद्युत अधिनियम, २००३ नुसार स्वतःच्या वापरासाठी वीज निर्माण करण्यास अनुज्ञप्ती लागत नाही. ‘जनरेटरला परवाना लागत नाही’ हा प्रचलित समज येथूनच आला असून तो अर्धाच खरा आहे. निर्मिती मुक्त असली तरी मांडणी मुक्त नाही. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ४७-अ प्रमाणे जनित्र सुरू करण्यापूर्वी वीजपुरवठादार व विद्युत निरीक्षक या दोघांना तीस दिवसांची सूचना देणे आवश्यक होते आणि १० किलोवॅटपेक्षा मोठ्या, म्हणजे सुमारे १२.५ केव्हीएवरील संचास निरीक्षकाची लेखी मान्यता लागत असे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी ही मर्यादा अधिसूचनेद्वारे ठरविण्याचा अधिकार संबंधित शासनाकडे सोपविला. २०१० च्या विनियमांची जागा आता २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील १० किलोवॅटचा आकडा आज तसाच गृहीत धरता येत नाही. लागू मर्यादा जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयातून समजते.

अधिनियमाच्या कलम ५४ मध्ये आणखी एक अट आहे. जेथे सामान्यतः शंभर किंवा अधिक व्यक्ती एकत्र येण्याचा संभव असतो, अशा ठिकाणी २५० वॅट व १०० व्होल्टपेक्षा अधिक वीज वापरण्यापूर्वी विद्युत निरीक्षक आणि जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांना किमान सात दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. ही अट वीज अनुज्ञप्तिधारकांना लागू नाही. नांदेड व लातूर येथे पोलीस आयुक्तालय नसल्याने तेथे हा विषय जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. एकट्या बंगल्याला ही अट सहसा लागू होत नाही, पण मोठ्या वसतिगृहाला होऊ शकते.

या सर्व तरतुदींमागील मुख्य धोका उलट वीजप्रवाहाचा आहे. जनित्राची वीज घरातील तारांमधून मीटरमार्गे बाहेर गेली, तर गल्लीतील रोहित्र ती उलट दिशेने चढवते आणि बंद समजल्या गेलेल्या ११ केव्ही वाहिनीवर हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनचा त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून महावितरणचा पुरवठा आणि जनित्र एकाच वेळी जोडले जाणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच अत्यावश्यक ठरतो. जनित्राची पिन भिंतीतील सॉकेटमध्ये खोचून घरभर वीज देण्याची पद्धत याच कारणाने घातक आहे. तीन फेजच्या संचाच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग जोडण्या असाव्या लागतात. जोडणीचे काम अनुज्ञप्तिधारक विद्युत ठेकेदारानेच करावयाचे असते.

ध्वनी व धूर

१७ मे २००२ च्या केंद्रीय अधिसूचनेने १,००० केव्हीएपर्यंतच्या नव्या डिझेल संचांसाठी आवरणापासून एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलची मर्यादा घातली. ध्वनिरोधक आवरण कारखान्यातच बसविलेले असावे लागते व संचाच्या प्रमाणीकरणाची जबाबदारी उत्पादकाची असते. धुराची सुधारित, अधिक कडक मानके ३ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित होऊन १ जुलै २०२३ पासून लागू झाली. खरेदीदाराने संचावरील प्रमाणीकरणाची पट्टी पाहणे एवढेच त्याच्या हाती असते. जुना, उघडा संच विकत घेणाऱ्याची अडचण येथे सुरू होते, कारण आवरणाचा खर्च त्याच्यावर येतो. शिवाय निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही परिसराची मर्यादा आहेच. अरुंद गल्लीत ती पाळणे प्रमाणित संचालाही सोपे नसते.

धुराड्याची किमान उंची इमारतीच्या उंचीत केव्हीएच्या वर्गमुळाची ०.२ पट मिळवून मीटरमध्ये काढतात. त्यानुसार २५ केव्हीएच्या संचाचे धुराडे छपराच्या वर एक मीटर, तर १०० केव्हीएचे दोन मीटर जावे लागते. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यामुळे बंद खोलीत, जिन्याखाली किंवा तळघरात हवा खेळती नसताना संच चालविणे प्राणघातक ठरू शकते.

इंधनसाठा व बांधकाम

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार डिझेल ‘ब’ वर्गात मोडते. एकूण साठा २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतेही एक पात्र १,००० लिटरपर्यंत असल्यास परवाना लागत नाही. ‘अ’ वर्गातील पेट्रोलसाठी, ते विक्रीसाठी नसल्यास, ही सूट केवळ ३० लिटरची आहे. संचासाठी स्वतंत्र खोली बांधायची असल्यास नांदेड-वाघाळा किंवा लातूर महानगरपालिकेची बांधकाम परवानगी घ्यावी लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सामाईक जागेसाठी संस्थेची संमतीही आवश्यक असते.