विद्यार्थ्यांची ज्ञानप्रसारक सभा

विज्ञानप्रसार म्हटला की सरकारने योजना आखावी, संस्थांनी व्याख्याने ठेवावीत आणि विद्यार्थ्यांनी सतरंज्या घालून शेवटी टाळ्या वाजवाव्यात, अशी एक वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. पण मुंबईचा इतिहास काही निराळेच सांगतो. तेथे हे काम विद्यार्थ्यांनी आपण होऊन अंगावर घेतले, आणि तेही मुंबई विद्यापीठ निघण्याच्या नऊ वर्षे आधी.

सन १८४८ च्या जून महिन्यात एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी प्रोफेसर पॅटन यांच्या उत्तेजनाने 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. सभासद जमत, निबंध वाचत, त्यांवर वाद घालीत. पण हे सारे इंग्रजीत! शहरात इंग्रजी समजणारी माणसं अशी किती? मग बाकीच्यांनी काय करायचं? तेव्हा त्याच वर्षी सोसायटीच्या देशी भाषांतील शाखा निघाल्या. एक गुजराती, आणि एक मराठी, म्हणजे 'उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा'. व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिचे अध्यक्ष होते. सन १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले आणि ते १८६७ पर्यंत चालले. सभेतले निबंध त्यामुळे सभेबाहेरच्या वाचकांच्या हाती पडू लागले.

ह्या तरुणांची अडचण मोठी होती. शास्त्रातले शब्द मराठीत रुळलेले नव्हते. इंग्रजी पुस्तकातला सिद्धांत घोकून परीक्षेत उतरवता येतो हो; पण ग्रहण कसे लागते हे आपल्या भाषेत, पंचांग मानणाऱ्या वडीलधाऱ्यांना सांगायचे, म्हणजे आधी आपल्याला ते नीट कळले पाहिजे. लोकांना शिकवता शिकवता विद्यार्थीच पक्का होतो, तो असा.

ही मंडळी निबंधांवर थांबली नाहीत. सन १८४९ मध्ये दादाभाई नवरोजी आणि त्यांचे सोबती घरोघर फिरले, मुलींना शिकायला पाठवा म्हणून पालकांची मनधरणी केली. काही ठिकाणी त्यांना अपमान गिळावा लागला. तरी ४४ पारशी आणि २४ हिंदू मुलींवर शाळा सुरू झाल्या. सभासद तेथे वेतन न घेता शिकवीत. मराठी मुलींच्या शाळेसाठी नाना शंकरशेट यांनी जागा दिली.

ह्या कामाला मर्यादाही होती. सभासद बहुतेक शिकल्यासवरल्या घरांतले. कष्टकऱ्यांच्या वस्तीत त्यांचा आवाज फारसा पोचला नाही. पुढे १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, मराठीतून विज्ञान सांगण्याचे काम संस्थेच्या बळावर वाढले. तरी ती दरी अजून पुरती बुजलेली नाही.

आज कॉलेजात असे उपक्रम होतात, पण पुष्कळदा गुणांसाठी आणि प्रमाणपत्रासाठी. १८४८ च्या मुलांना यांतलं काहीच मिळणार नव्हतं. त्यांच्यापाशी तीनच गोष्टी होत्या: लोकांची भाषा, ठरावीक दिवशी भरणारी सभा आणि सांगितलेले छापून ठेवण्याची शिस्त. आजच्या दहा विद्यार्थ्यांनी एक वस्ती निवडावी, पंधरा दिवसांतून एकदा तिथं जावं. पाणी का उकळावं, साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता इस्पितळच का गाठावं, एवढंच सांगावं. आणि लोक जे उलट विचारतील, ते वहीत टिपून आणावं. त्या प्रश्नांची उत्तरे शोधताना त्यांची स्वतःची पाठ्यपुस्तके त्यांना नव्याने उघडावी लागतील.