कॅडिझचे चार नकाशे

विस्कॉन्सिनच्या दक्षिण सीमेवर, ग्रीन काउंटीत कॅडिझ नावाची टाउनशिप आहे. सहा मैल लांब, सहा मैल रुंद. आपल्यापैकी फारच थोड्यांनी तिचे नाव ऐकले असेल. पण तिच्या जंगलाचे चार नकाशे अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांनी ते १९५६ साली छापले.

पहिला नकाशा १८३१ चा, सरकारी मोजणीदारांच्या नोंदींवरून काढलेला. चौकोन आखताना हे लोक कोपऱ्याजवळची झाडे टिपून ठेवत. हेतू जमीन विकण्याचा. जंगल वाचवण्याचा विचार कोणाच्या मनात असणार! त्या वेळी जंगल सुमारे २१,५०० एकर होते. १८८२ मध्ये त्याचे ७० तुकडे उरले, सरासरी ९१ एकरांचे. १९०२ मध्ये ६१ तुकडे, ३४ एकरांचे. १९५० मध्ये ५५ तुकडे, जेमतेम १४ एकरांचे.

तुकड्यांची संख्या फारशी घटलेली नाही, हे पाहून मी कागद-पेन्सिल घेतली. कडेची शंभर फूट पट्टी ऊन-वाऱ्याला उघडी पडते असे धरू. ९१ एकरांच्या चौरसात ही पट्टी एक पंचमांशाहून थोडी कमी भरते. १४ एकरांच्या चौरसात जवळजवळ निम्मी! कडेला काउबर्ड पक्षी येतो आणि कोकिळेसारखी दुसऱ्यांच्या घरट्यांत अंडी घालतो. म्हणजे एकरांचा हिशेब जे जंगल दाखवतो, त्यातले बरेचसे आतल्या पाखरांच्या उपयोगाचे नसते. जंगलाची नुसती टक्केवारी सांगणाऱ्या अहवालांवर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही.

या अभ्यासाला ‘लँडस्केप इकॉलॉजी’ हे नाव जर्मन भूगोलतज्ज्ञ कार्ल ट्रोल यांनी १९३९ साली दिले, विमानातून घेतलेली छायाचित्रे अभ्यासताना. अमेरिकेत त्याने मूळ धरले ते १९८३ च्या इलिनॉयमधील अ‍ॅलर्टन पार्कच्या बैठकीनंतर. तुकडे म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा म्हणजे रेषा, ही त्यातली मांडणी आम्हा संगणकवाल्यांच्या ओळखीची. एखादी रेषा तुटली की बिंदू जागेवर असूनही एकटा पडतो.

अशीच एक रेषा आपल्या पेंच आणि कान्हा या व्याघ्रप्रकल्पांमध्ये आहे. नागपूरहून उत्तरेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग तिथले जंगल कापतो. त्याचे चौपदरीकरण ठरले तेव्हा वर्षानुवर्षे वाद झाला. अखेर महाराष्ट्राच्या बाजूला नऊ ठिकाणी रस्ता उचलून खाली वाट ठेवली. सर्वांत रुंद वाट ७५० मीटरची. वरून ट्रक धावत असताना खालून वाघ जातात, हे तिथल्या कॅमेऱ्यांनी टिपले आहे.